उद्यानात सायकलला परवानगी हवी? अर्जाआधी पाटीच्या तळाची बारीक ओळ वाचा

उद्यानाच्या फाटकावर ‘सायकल चालवण्यास मनाई आहे’ अशी पाटी असते आणि आत आठ-दहा मुलं खुशाल सायकली फिरवत असतात. रखवालदार कधी हटकतो, कधी दुसरीकडे बघतो. नियम बदलून हवा असो, नाहीतर आहे तो नियम नीट पाळला जावा असं वाटत असो, दोन्हीसाठी स्थानिक स्वराज्य संस्थेकडे अर्ज करता येतो. पण अनेक अर्जांचा गुणदोषांवर विचारच होत नाही. ते चुकीच्या टेबलावर जाऊन पडतात.

माझा पहिला अर्ज असाच परत आला. आरोग्य, प्रदूषण, मुलांचा व्यायाम असं सगळं घालून दोन पानं लिहिली होती. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं: ‘सदर बाब या विभागाच्या अखत्यारीत येत नाही.’ चिडलो, पण चूक माझीच होती. पाटी उद्यान विभागाने लावली होती, मनाई मात्र उपविधीतली, म्हणजे स्थानिक संस्थेने स्वतः केलेल्या नियमातली होती, आणि उपविधीला हात लावायचा अधिकार त्या विभागाकडे नव्हताच.

मनाई आली कुठून?

पाटीच्या तळाशी बहुधा एक बारीक ओळ असते: कायद्याचं कलम, ठराव क्रमांक किंवा आदेशाची तारीख. गंजाने अर्धी खाल्लेली असली तरी तिचा फोटो काढा. पुढचा सगळा रस्ता त्या ओळीवर ठरतो.

मनाई साधारण तीन प्रकारची असते. पहिली उपविधीची. स्थानिक संस्थेने कायद्याने दिलेल्या अधिकारात केलेला, दंडाची तरतूद असलेला हा नियम. तो बदलायला सर्वात जास्त वेळ लागतो. दुसरी ठरावीक मुदतीच्या आदेशाची. तिसरी नुसती प्रशासकीय सूचना, म्हणजे कोणीतरी तक्रार केली आणि अधिकाऱ्याने पाटी लावून टाकली. ही तिसरी जात वाटते त्यापेक्षा बरीच आढळते, आणि ती विभागप्रमुखाच्या सहीने बदलूही शकते. ओळ नसेल तर ‘ही मनाई कोणत्या तरतुदीनुसार आहे?’ एवढा एकच प्रश्न लेखी विचारा. माहिती अधिकाराचा कायदा असेल तर त्याखाली विचारा.

इंग्लंडमध्ये हा फरक अगदी स्पष्ट दिसतो. तिथल्या उद्यानांचे उपविधी १८७५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आणि १९०६ चा मोकळ्या जागांचा कायदा यांच्या आधाराने केले जातात. २०१६ च्या नियमांनंतर कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेला, आधी नव्या नियमाचा भार कोणावर किती पडेल याचं मूल्यमापन करावं लागतं, मग मंत्र्यांची संमती घ्यावी लागते, आणि जाहीर सूचना देऊन किमान २८ दिवस लोकांचं म्हणणं मागवावं लागतं. याउलट २०१४ च्या कायद्याखालचा सार्वजनिक जागा संरक्षण आदेश, म्हणजे वरचा दुसरा प्रकार, एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. मुदत वाढवता येते, पण वाढवण्याआधी लोकांना विचारावं लागतं. म्हणजे आदेश संपत आला असेल तर नवा लढा उभारायची गरज नाही. त्या वेळी हरकत नोंदवली की काम भागतं. तारीख मात्र आधीपासून माहीत हवी.

जागा कोणाची, हेही बघा

उद्यान शहरात आहे म्हणून ते शहराच्या प्रशासनाचं असतंच असं नाही. लंडनचं हाइड पार्क वेस्टमिन्स्टर या तिथल्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत आहे, पण ती राजघराण्याच्या मालकीची जागा. तिथली सायकल १९९७ च्या रॉयल पार्क्स नियमांनुसार चालते. वेस्टमिन्स्टर कौन्सिलकडे कितीही अर्ज केले तरी पोच मिळेल, निर्णय नाही. काही जागा विश्वस्त निधीच्या असतात, काही दानपत्राच्या अटींनी बांधलेल्या. दानपत्रात ‘केवळ पायी फिरण्यासाठी’ असं लिहिलेलं असेल तर सायकलचा प्रश्न आधी कायदा विभागाकडे जातो. मालकीची नोंद पाहायला अर्धा दिवस लागतो, तो द्या.

अर्ज कोण करू शकतं?

पात्रतेची अट बहुतेक ठिकाणी सैल असते. रहिवासी, उद्यान वापरणारे, शाळा, सायकल गट, ज्येष्ठ नागरिकांचा संघ, कोणीही. न्यूयॉर्कमध्ये तर नियम करावा किंवा बदलावा अशी विनंती कोणतीही व्यक्ती करू शकते, आणि संबंधित विभागाने ६० दिवसांत ती नाकारायची किंवा नियमाचं काम कधी सुरू करणार ते सांगायचं, असं शहराच्या सनदेतच आहे.

एक फरक लक्षात ठेवा. नियमबदलाची मागणी आणि एका दिवसाच्या सायकल फेरीची परवानगी हे दोन वेगळे अर्ज आहेत. फेरीसाठी कार्यक्रम परवान्याचा वेगळा नमुना असतो आणि त्यात आयोजकाची जबाबदारी, विमा, स्वयंसेवक असे प्रश्न येतात. दोन्ही एकाच कागदावर मागितलं की दोन्ही रखडतं.

कागदपत्रं

ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, विनंतीपत्र, पाटीचा फोटो, समर्थकांच्या सह्या हे नेहमीचं. सह्या दोनशे असोत की दोन हजार, स्थळपाहणीला आलेला अभियंता त्या मोजत बसत नाही. तो उद्यानातली वाट कशी आहे ते बघतो. म्हणून वजन येतं ते नकाशाला आणि मोजमापांना.

नकाशा हाताने काढलेला चालेल. त्यावर फाटकं, बाकं, खेळण्यांचा भाग, पाण्याचा नळ आणि आंधळी वळणं दाखवा. मग टेप घेऊन वाटेची रुंदी मोजा, आणि सर्वात अरुंद जागी मोजा. कागदावर तीन मीटरची असलेली वाट झाडाच्या मुळाने फरशी उचललेल्या जागी दोन मीटरचीच उरते, आणि सायकल घसरते ती नेमकी तिथे. इंग्लंडच्या २०२० च्या सायकल मार्गदर्शिकेत पादचारी आणि सायकली एकत्र असलेल्या वाटेची किमान रुंदी ३ मीटर सुचवली आहे, तीही ताशी ३०० पादचारी आणि ३०० सायकलींपर्यंतच. सायकली त्याहून वाढल्या तर ४.५ मीटर. आपल्या वाटेचा आकडा या शेजारी मांडला की चर्चेला जमीन मिळते. दोनच मीटर भरत असतील तर तेही लिहा. पाहणीत ते उघड होणारच आहे.

वर्दळही मोजा. कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, दर वेळी एक तास. पायी चालणारे, धावणारे, बाबागाडी, काठी घेऊन चालणारे, सायकली, असे वेगळे रकाने करा. या तक्त्यातून बहुतेक वेळा दिसतं की भांडण पूर्ण दिवसाचं नसतं, संध्याकाळच्या दीड-दोन तासांचं असतं.

मागणी कशी लिहायची?

‘उद्यान सायकलसाठी खुलं करावं’ ही मागणी नाकारायला सर्वात सोपी. वाट, वेळ आणि वेग तिन्ही नेमके सांगा: अमुक फाटकापासून तमुक फाटकापर्यंतची बाहेरची वाट, सकाळी ठरावीक वेळेपर्यंत, अमुक वेगाच्या आत, सहा महिने प्रायोगिक तत्त्वावर.

वेगाचं गणित अर्जात जरूर घाला. माणूस ताशी साधारण ५ किलोमीटर वेगाने चालतो. ताशी २० च्या सायकलवर ब्रेक दाबायचं मनात येईपर्यंत एक सेकंद गेला, तरी सायकल साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. ताशी १० ला हेच अंतर पावणेतीन मीटर. सिंगापूरमध्ये पदपथावर ताशी १० आणि सायकलींच्या व सामायिक वाटांवर ताशी २५ किलोमीटर अशी मर्यादा आहे, म्हणजे वाटेच्या जातीनुसार वेग.

विजेवर चालणाऱ्या सायकलींचा उल्लेख टाळू नका. अर्जात त्या नसल्या तर हरकतीत येतातच. ब्रिटन आणि युरोपात २५० वॉटपर्यंतची, ताशी साधारण २५ किलोमीटरनंतर मोटरचं साहाय्य थांबवणारी आणि पॅडल मारावं लागणारी सायकल कायद्याने सायकलच मानली जाते. तुमच्याकडची व्याख्या बघून ती हवी की नको, स्पष्ट लिहा. तसंच अपंग व्यक्तीची तीनचाकी किंवा हाताने चालवायची सायकल हे तिचं चालण्याचं साधन असू शकतं. सरसकट मनाईत तिचाही रस्ता अडतो. मनाईच्या बाजूने अर्ज करत असाल तर ही सवलत आणि लहान मुलांची सवलत स्वतःहून सुचवा. लहान मूल कोणाला म्हणायचं तेही ठरवा: वय तपासणं रखवालदाराला जमत नाही, चाकाचा आकार बघणं जमतं.

अर्ज दिल्यानंतर

आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घ्या. तोंडी ‘बघतो’ याला अर्थ नाही. पुढे स्थळपाहणी, वाहतूक आणि कायदा विभागांचे अभिप्राय, मग जाहीर सूचना, हरकती आणि सूचना, गरजेप्रमाणे सुनावणी. न्यूयॉर्कमध्ये नियमाचा मसुदा सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी प्रसिद्ध करावा लागतो.

सुनावणीत हरकत घेणाऱ्यांना शत्रू समजू नका. मागून घंटी न वाजवता सायकल अंगावरून गेल्यावर दचकलेल्या आजी खोटं बोलत नसतात. त्यांनी सांगितलेलं वळण नकाशावर शोधा आणि तिथे उतरून सायकल ढकलायची अट स्वतःच मांडा. माझा दुसरा अर्ज पुढे सरकला तो या एका दुरुस्तीमुळे.

नकार आला तर कारणं लेखी मागा. अपील किंवा फेरविचाराची मुदत निर्णयाच्या तारखेपासून धावते आणि ती छोटी असू शकते. इंग्लंडमधल्या त्या संरक्षण आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान द्यायला सहाच आठवडे मिळतात.

मंजुरी मिळाली तरी पाटी लगेच बदलत नाही. नवी पाटी दुसऱ्याच विभागाकडून यायची असते. ती लागेपर्यंत आदेशाची प्रत घडी करून खिशात ठेवा आणि एक रखवालदाराच्या खोलीतही देऊन ठेवा, कारण त्याला तो आदेश अजून कोणी दाखवलेला नसतो.