सामासिक विशेषण (इंग्रजी)

इंग्रजीत दोन किंवा अधिक शब्द जोडून बनलेले विशेषण. ‘होमसिक’, ‘वॉटरप्रूफ’, ‘गुड-लुकिंग’, ‘सेकंड-हँड’ ही रोजच्या कानावरची उदाहरणे.

घडण समजून घ्यायला ‘ब्लू-आइड’ (निळ्या डोळ्यांचा) हा शब्द उत्तम. त्यातला ‘आइड’ एकटा विशेषण म्हणून सहसा चालत नाही. आधी ‘ब्लू आय’ ही जोडी जमते आणि मग त्या अख्ख्या जोडीला प्रत्यय लागतो. मराठी वाचकाला हे परके नाही: घर ‘दुमजली’ असते, नुसते ‘मजली’ नसते. अर्थाने हा बहुव्रीहीच, आणि संस्कृत व्याकरणातली ही संज्ञा इंग्रजीच्या अभ्यासकांनीही जशीच्या तशी उचलली आहे. मापाच्या विशेषणांत नाम एकवचनी राहते. मुलगा ‘टेन इयर्स ओल्ड’ असतो, पण ‘अ टेन-इयर-ओल्ड बॉय’ म्हणताना ‘इयर्स’चे ‘इयर’ होते.

लिहिलेल्या शब्दावरून उच्चारातली अक्षरे (सिलेबल, म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा, एका स्वराभोवतीचा तुकडा) मोजू नयेत. ‘मिडल-एज्ड’मधला ‘एज्ड’ एका अक्षराचा. तेच स्पेलिंग ‘वृद्ध मंडळी’ या अर्थाने आले की ‘द एजिड’ असे दोन अक्षरांचे होते. तीन पायांच्या शर्यतीतही ‘थ्री-लेगिड’ असा दोन अक्षरी ‘लेगिड’ ऐकू येतो.

खरी कसोटी आघाताची. ‘ब्लॅकबोर्ड’सारख्या सामासिक नामात जोर पहिल्या घटकावर पडतो, ‘होमसिक’ आणि ‘वॉटरप्रूफ’मध्येही तसाच. ‘ओल्ड-फॅशन्ड’, ‘बॅड-टेम्पर्ड’ यांत मात्र मुख्य जोर दुसऱ्या घटकावर. पण तोही जागेवर टिकत नाही. ‘द कार इज सेकंड-हँड’ म्हणताना ‘हँड’ ठसठशीत येतो. ‘अ सेकंड-हँड कार’ म्हटले की पुढच्या ‘कार’वर जोर असल्याने दोन जोरकस अक्षरे एकमेकांवर आदळतात, आणि ती टक्कर टाळायला जोर मागे सरकून ‘सेकंड’च्या ‘से’वर जातो. एकटा ‘थर्टीन’ आणि ‘थर्टीन मेन’ यांतही हेच घडते. स्पेलिंगमध्ये या हालचालीची खूण नसते. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे वळलेला नसतो. ही विशेषणे पाठ करताना सुटा शब्द न घेता पुढच्या नामासकट मोठ्याने म्हणावीत.