माध्य धमनी दाब

माध्य धमनी दाब : हृदयाच्या एका पूर्ण आवर्तनात धमन्यांतील रक्तदाबाचे काळाच्या हिशेबाने काढलेले सरासरी मूल्य. एकक मिमी. पारा. जुन्या परिभाषेत धमनीला रोहिणी म्हणत असल्याने ‘माध्य रोहिणी दाब’ असाही शब्द आढळतो. पुण्यातल्या अतिदक्षता विभागांत मात्र ‘मॅप’ (मीन आर्टेरियल प्रेशरचे लघुरूप) किंवा नुसते ‘मीन’ म्हणतात. सुश्रुतसंहितेत २४ धमन्या सांगितल्या आहेत. त्या आजच्या अर्थाच्या धमन्याच होत, असे धरून चालणे धाडसाचे ठरेल.

दाबाच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ काढून त्याला आवर्तनाच्या काळाने भागले की खरा माध्य दाब मिळतो. वरच्या (सिस्टॉलिक) आणि खालच्या (डायस्टॉलिक) दाबाची बेरीज करून निम्मी केली तर तो येत नाही, कारण दाब शिखराशी क्षणभर असतो आणि उतारावर अधिक काळ रेंगाळतो. १२०/८० ची साधी सरासरी १०० येते. माध्य दाब त्याहून कमी असतो. रुग्णाशेजारी वापरायचे सूत्र असे :

माध्य दाब = खालचा दाब + (वरचा दाब − खालचा दाब) ÷ ३

१२०/८० मध्ये फरक ४०, त्याचा तिसरा हिस्सा १३, म्हणून माध्य दाब ९३. फरकाऐवजी वरच्या दाबाचाच तिसरा हिस्सा मिळवला तर उत्तर १२० येते. आलेले उत्तर वरच्या दाबाइतके किंवा त्याहून जास्त निघाले, तर हीच चूक झाली असे समजावे.

एक-तृतीयांशाचा प्रश्न : आकुंचनाला आवर्तनाचा तिसरा हिस्सा लागतो आणि शिथिलनाला दोन हिस्से, म्हणून एक-तृतीयांश, असे स्पष्टीकरण अनेक क्रमिक पुस्तकांत असते. ते लंगडे आहे. मिनिटाला ७५ ठोके असताना आवर्तन ०.८ सेकंदाचे व आकुंचन सुमारे ०.३ सेकंदाचे असते. म्हणजे हिस्सा तिसऱ्याहून मोठाच. शिवाय आकुंचनभर दाब शिखरावर नसतो आणि शिथिलनभर तळाशीही नसतो. या दोन चुका एकमेकींना काही अंशी झाकतात, एवढेच. गुणक, म्हणजे फरकाचा किती हिस्सा मिळवायचा तो आकडा, ठरतो तो दाबाच्या तरंगाच्या आकारावर. मनगटाशी तरंग उंच आणि टोकदार होतो, तेथे ०.३३ च्या आसपासचा गुणक जुळतो. महाधमनीकडे सरकावे तसा तो वाढतो. धमनीतून थेट घेतलेल्या मापनांवरून दंडासाठी ०.४० च्या जवळचा गुणक सुचवला गेला (२००० मधील एका अभ्यासात ०.४१२). २००४ मध्ये ठोक्यांचा वेगही हिशेबात घेणारा गुणक मांडला गेला : ०.३३ + (०.००१२ × मिनिटाचे ठोके).

निरोगी, विश्रांत माणसात हा वाद तीन-चार मिमी.चा आहे. अत्यवस्थ रुग्णात तो निर्णयापर्यंत जातो. दाब ८५/४५ आणि ठोके १२० असतील तर एक-तृतीयांशाने ५८, ०.४० ने ६१ आणि ठोक्यांच्या गुणकाने ६४ येतात. दंडावरील मापनासाठी ०.४० अधिक सयुक्तिक दिसतो. एक-तृतीयांश टिकला आहे तो तोंडी हिशेबाच्या सोयीमुळे.

इतिहास : स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या मांडीतील धमनीत पितळी नळी बसवून तिला काचेची उंच नळी जोडली. ग्रंथ १७३३ चा. प्रयोग त्याच्या बऱ्याच आधीचा दिसतो. रक्त ८ फूट ३ इंच चढले आणि प्रत्येक ठोक्याला दोन ते चार इंचच वरखाली झाले. एवढ्या जड स्तंभाला ठोक्याच्या वेगाने हलता येत नाही, म्हणून वरच्या-खालच्या दाबांच्या आधी मोजला गेला तो जवळजवळ माध्य दाबच, असे म्हणता येते. प्वाझय यांच्या पाऱ्याच्या दाबमापकाचीही (१८२८) हीच गत होती. लुडविग यांचा कायमोग्राफ (दाबाचा आलेख काढणारे यंत्र) काही ठिकाणी १८४६ चा, बहुधा १८४७ चा सांगितला जातो. पुढे रिवा-रोची (१८९६) आणि कोरोत्कोव्ह (१९०५) यांच्या पद्धतींनी वरचा व खालचा दाब हाती दिला आणि माध्य दाब हिशेबाचा विषय झाला.

मापन : स्वयंचलित यंत्र दंडाला बांधलेल्या पट्ट्यातील हवेची स्पंदने टिपते. ती सर्वांत मोठी होतात तेथे माध्य दाब; वरचा व खालचा दाब यंत्र त्यावरून आपल्या रीतीने काढते. मॉनिटरवर १२८/७६ आणि कंसात ९६ दिसले, सूत्राने मात्र ९३ आले, तर यंत्र बिघडलेले नसते. कंसातला आकडाच मोजलेला असतो. पट्ट्यातल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. लहान पट्टा दाब खोटा वाढवतो. ठोके अनियमित असतील तर तीन-चार मापनांची सरासरी घ्यावी.

धमनीत थेट मापनासाठी बहुधा मनगटाशी २० गेजची नळी घालतात. सलाईनची पिशवी प्रेशर बॅगेत ३०० मिमी.वर ठेवली की ताशी सुमारे ३ मिली. द्रव झिरपत राहतो. ट्रान्सड्यूसर (दाबाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा भाग) चौथ्या-पाचव्या बरगडीमधल्या जागेच्या पातळीवर, काखेच्या मध्यरेषेत हवा. तो १० सेंमी. खाली घसरला तर आकडा सुमारे ७.५ मिमी.ने फुगतो, पलंग वरखाली केल्यावर हेच विसरले जाते. शून्य लावताना थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) हवेकडे उघडतात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी. उंच असल्याने येथे हवेचा दाब ७१० मिमी.च्या आसपास असतो, मुंबईत ७६० च्या. तरी रक्तदाबात दुरुस्ती लागत नाही, कारण तो हवेच्या दाबाच्या वर किती हेच मोजले जाते.

नळीत बुडबुडा, गुठळी किंवा मुरड असेल तर तरंग बोथट होतो : वरचा दाब घटतो, खालचा वाढतो, माध्य फारसा हलत नाही. नळी लांब असली की तरंग उसळतो आणि वरचा दाब फसवा दिसतो. फ्लश (सलाईनचा झोत) झटक्यात सोडून पाहावे. एक-दोन झोके घेऊन रेषा स्थिरावली तर जोडणी ठीक.

अर्थ : माध्य दाब = हृदयाचे मिनिटाचे उत्सर्जन × वाहिन्यांचा एकूण विरोध + मध्यवर्ती शिरेचा दाब. ५ लि. उत्सर्जन, १७.६ विरोध आणि ५ शिरादाब धरल्यास ९३ येतात. म्हणून आकडा चांगला असूनही, वाहिन्या आवळल्यामुळे, प्रवाह अपुरा असू शकतो. हातपाय गार आणि लघवी कमी ही त्याची खूण.

जंतुसंसर्गजन्य शॉकमध्ये प्रारंभी ६५ चे लक्ष्य ठेवतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ८०–८५ चे लक्ष्य ठेवूनही मृत्यू कमी झाले नाहीत. जुना उच्च रक्तदाब असलेल्यांना डायलिसिस मात्र कमी लागले. माध्य दाब ६० ते १५० दरम्यान असताना मेंदूतील प्रवाह स्थिर राहतो, हे १९५९ पासूनचे विधान आता जसेच्या तसे मानत नाहीत; स्थिर पट्टा बराच अरुंद असावा. मेंदूला रक्त पोचवणारा दाब काढताना माध्य दाबातून कवटीतील दाब वजा करतात. बसवून केलेल्या शस्त्रक्रियेत मेंदू दंडाहून २० सेंमी. वर असेल तर तेथील दाब १५ मिमी.ने कमी धरावा. मुदतपूर्व बाळांत माध्य दाब गर्भवयाच्या आठवड्यांइतका तरी असावा, असा ढोबळ नियम वापरतात.