कार्ल, एरिक

(२५ जून १९२९ – २३ मे २०२१). मुलांसाठी चित्रपुस्तके करणारे अमेरिकन चित्रकार व लेखक. रंगवलेल्या टिश्यू कागदाच्या कोलाजसाठी (कापलेले तुकडे चिकटवून केलेल्या चित्रांसाठी) प्रसिद्ध. जन्म न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे, जर्मन आई-वडिलांच्या पोटी. १९३५ मध्ये कुटुंब जर्मनीत श्टुटगार्टला परतले आणि लवकरच दुसऱ्या महायुद्धात सापडले. वडील सोव्हिएत कैदेतून १९४७ मध्ये सुटले. एरिक यांना १५व्या वर्षी खंदक खणायला धाडण्यात आले. याच काळात त्यांच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी नाझी राजवटीने निषिद्ध ठरवलेली आधुनिक चित्रे त्यांना गुपचूप दाखवली. हव्या त्या रंगाचा प्राणी रंगवण्याची त्यांची मोकळीक तिथली. श्टुटगार्टच्या कला अकादमीत शिकून १९५२ मध्ये ते ४० डॉलर घेऊन न्यूयॉर्कला आले. आधी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आणि पुढे जाहिरात संस्थेत त्यांनी काम केले. एका जाहिरातीतला त्यांचा लाल लॉब्स्टर पाहून लेखक बिल मार्टिन यांनी त्यांना ‘ब्राउन बेअर, ब्राउन बेअर, व्हॉट डू यू सी?’ (१९६७) या पुस्तकाची चित्रे करायला सांगितली.

कार्यपद्धती : सुरुवातीला ते बाजारातला रंगीत टिश्यू वापरत. आकाशकंदिलाला लावतात त्या पतंगी कागदासारखाच त्याचा स्वभाव : ओला झाला की रंग सोडतो, उजेडात विटतो. म्हणून पुढे ते पांढरा टिश्यू आणून स्वतःच रंगवू लागले. टिश्यूवर ॲक्रिलिक रंगाचा पहिला हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, मग दुसऱ्या रंगाचे फराटे, ठिपके, लाटा ओढायच्या. त्यासाठी रुंद ब्रश, स्पंज, बोटे, गालिच्याचा तुकडा, काहीही चालते. वाळलेले कागद रंगवार सपाट खणांत ठेवलेले असत.

चित्राचे रेखाटन ट्रेसिंग कागदावर असते. त्याबरहुकूम एकेक आकार धारदार पात्याने कापायचा आणि भिंतीला कागद डकवण्याच्या खळीने पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा. डोळे, मिशा, पाय असे बारकावे शेवटी रंगाने किंवा खडूने येतात. ॲक्रिलिक वाळल्यावर पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे खळ लागली तरी रंग पसरत नाही. बिघडते ते दुसरीकडे. ओला टिश्यू उचलला की फाटतो. वर्तमानपत्रावर ठेवून रंगवला तर त्यालाच चिकटतो, म्हणून खाली प्लॅस्टिक हवे. रंगाचा थर जाड झाला तर कागद रबरासारखा होतो आणि कडा उचलल्या जातात. खळ सारखी लागली नाही तर हवेचे फुगे राहतात. पद्धत सोपी दिसते, शाळाशाळांतून तिची नक्कलही होते. पण नकलेत बहुधा कागद एकरंगी असतो. कार्ल यांच्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’मधील सुरवंटाच्या अंगात हिरव्याच्या अनेक छटांचे तुकडे एकमेकांवर चढलेले आहेत.

‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ (१९६९) : कागदांच्या गठ्ठ्याला पंचिंग मशीनने भोके पाडताना त्यांना पुस्तक पोखरणाऱ्या किड्याची कल्पना सुचली. त्या किड्याऐवजी सुरवंट घ्यावा, हे संपादक ॲन बेनेड्यूस यांनी सुचवले आणि त्यामुळे शेवटी फुलपाखरू आले. सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, शुक्रवारपर्यंत पाच संत्री. त्याप्रमाणे पानेही रुंद होत जातात. फळ खाल्ल्याची खूण म्हणून पानाला पाडलेले भोक दोन्ही बाजूंना जुळावे लागते : पुढून ते फळाच्या मध्यावर, तर उलटल्यावर सुरवंट बाहेर पडतो त्या जागी. त्यातून पानांची रुंदी वेगवेगळी. हे काम अमेरिकेत परवडेना, तेव्हा पहिली आवृत्ती जपानमध्ये छापून घेतली. ५ कोटींहून अधिक प्रती खपलेल्या या पुस्तकाची ६० हून अधिक भाषांत भाषांतरे झाली.

पुस्तक हाताळण्याची वस्तू आहे, ही त्यांची धारणा पुढेही दिसते. ‘द व्हेरी बिझी स्पायडर’ (१९८४) मधले जाळे बोटाला उठावदार लागते, ‘द व्हेरी क्वाएट क्रिकेट’ (१९९०) मधून रातकिड्याचा आवाज येतो, तर ‘द व्हेरी लोन्ली फायरफ्लाय’ (१९९५) मध्ये काजवे लुकलुकतात. शेवटच्या दोन्हींत बॅटरी असल्याने जुन्या प्रती बहुधा मुक्या नि अंधाऱ्या झालेल्या असतात. जाळ्याचा उठाव मात्र टिकतो.

कार्ल यांनी ७० हून अधिक पुस्तके चितारली. २००३ मध्ये त्यांना बालसाहित्यातील योगदानासाठीचे लॉरा इंगल्स वाइल्डर पदक मिळाले. पत्नी बार्बरा यांच्यासह त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील ॲम्हर्स्ट येथे २००२ मध्ये चित्रपुस्तक-कलेचे संग्रहालय उघडले. तेथे इतर चित्रकारांची मूळ चित्रेही मांडली जातात.