झहीरचा स्विंग, जेली बीन्स आणि चेंडूची लकाकी

2007 ची इंग्लंडमधली ट्रेंट ब्रिज टेस्ट बऱ्याच जणांना आठवत असेल. झहीर खान बॅटिंगला आला आणि बघतो तर क्रीझपाशी जेली बीन्स, म्हणजे रंगीत गोड गोळ्या पडलेल्या, इंग्लंडच्या फिल्डर्सनी टाकलेल्या, त्याने बाजूला केल्या तर परत आल्या, मग तो भडकला आणि थेट इंग्लंडच्या पीटरसनच्या दिशेने बॅट रोखली. दुसऱ्या डावात त्याने 5 विकेट काढल्या, आपण 7 विकेटने जिंकलो आणि पुढे सिरीजही 1-0 ने आली. तेव्हापासून सगळे हेच सांगतात की इंग्लंडने त्याला चिडवलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

मला हे अजिबात पटत नाही, कारण पहिल्या डावात त्याने 4 विकेट काढल्या तेव्हा जेली बीन्सचा पत्ताच नव्हता. रागाने चेंडू स्विंग होत नाही, म्हणजे हवेत वळत नाही, तो हवेमुळे होतो.

चेंडू हवेतून जातो तेव्हा त्याच्या पृष्ठभागाला हवेचा एक पातळ थर चिकटून असतो. शिवण थोडी तिरकी धरली की एका बाजूला हा थर शिवणीवर अडखळतो आणि खळबळतो, आणि गंमत म्हणजे असा खळबळलेला थर चेंडूला जास्त वेळ धरून राहतो. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूला थर शांत असतो आणि लवकर सुटतो. त्यामुळे चेंडूमागची हवा एका बाजूला ढकलली जाते आणि चेंडू उलट बाजूला, म्हणजे शिवणीच्या दिशेने वळतो. हा झाला नेहमीचा स्विंग.

आता वेग खूप वाढला, किंवा चेंडू जुना होऊन एक बाजू चांगली खरखरीत झाली, की शिवणीपर्यंत पोचायच्या आतच दोन्हीकडचा थर खळबळलेला असतो. मग शिवण मदत करायच्या ऐवजी तो थर जाड आणि कमजोर करते, तिथली हवा आधी सुटते आणि चेंडू उलटा वळतो. हाच रिव्हर्स स्विंग. नव्या चेंडूवर यासाठी ताशी साधारण 145 किमीच्या आसपासचा वेग लागतो, पण एक बाजू खरखरीत असेल तर त्याहून बऱ्याच कमी वेगातही जमतं. शास्त्रज्ञ रवींद्र मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात स्विंगवर पेपर लिहिला होता, तेव्हापासून या विषयाचा नीट अभ्यास सुरू आहे.

पण हे सगळं व्हायला शिवण हवेत स्थिर राहिली पाहिजे, आणि बोलिंग कोचचं खरं काम इथे येतं. मनगट चेंडूच्या बरोबर मागे, सोडताना बोटांनी उलटी फिरकी द्यायची, मग फिरणारा भोवरा जसा पटकन कलंडत नाही तशी शिवण डगमगत नाही. 2007 च्या त्या दौऱ्यात आपल्याकडे हेड कोचच नव्हता, पुण्याचे चंदू बोर्डे मॅनेजर होते, बोलिंगला वेंकटेश प्रसाद आणि फिल्डिंगला रॉबिन सिंग. त्याच्या आदल्या वर्षी टीमबाहेर असताना आपला श्रीरामपूरचा झहीर वूस्टरशायरकडून काउंटी, म्हणजे इंग्लंडमधलं स्थानिक क्रिकेट खेळला आणि 78 विकेट घेऊन आला. माझ्या मते ट्रेंट ब्रिजचं उत्तर त्या सीझनमध्ये आहे, इंग्लंडमध्ये वापरला जाणारा ड्यूक्स चेंडू सतत टाकून टाकून मनगट तयार झालं.

2005 च्या ॲशेसमध्ये, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया टेस्ट सिरीजमध्ये, इंग्लंडचा बोलिंग कोच होता ट्रॉय कूली, स्वतः ऑस्ट्रेलियन, आणि त्याच्या बोलर्सनी ऑस्ट्रेलियाला रिव्हर्स स्विंगने हैराण केलं, पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने त्याला आपल्याकडे नेलं. नंतर त्या इंग्लंड टीममधल्या ट्रेस्कोथिकने आत्मचरित्रात लिहिलं की तो मिंटच्या गोळ्या चघळून ती गोड थुंकी चेंडूला लावायचा, लकाकी टिकावी म्हणून. 2018 मध्ये केपटाऊनला तर ऑस्ट्रेलियाच्या बॅनक्रॉफ्टने चेंडू घासायला सँडपेपरच काढला, बंदी येऊन त्याचे सहकारी स्मिथ आणि वॉर्नर वर्षभर बाहेर गेले आणि बॅनक्रॉफ्ट 9 महिने. दोन्हीचा हेतू एकच, दोन बाजूंमधला फरक वाढवायचा, आणि माझ्या लेखी दोन्ही चूकच, कारण चेंडूवर बाहेरचं काही वापरायचंच नाही असा नियम आहे.

याउलट झहीरची 2011 च्या वर्ल्डकपमधली युक्ती मला फार आवडते. रनअपमध्ये तो दुसऱ्या हाताने चेंडू झाकायचा, लकाकी कुठल्या बाजूला आहे हे बॅट्समनला दिसूच द्यायचं नाही. ताशी 140 किमीच्या वेगाने चेंडू सुटल्यावर बॅटपर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो, त्यामुळे चमकणारी बाजू आधी दिसली तर बॅट्समनला अर्धं उत्तर मिळतं, आणि ते लपवणं पूर्णपणे नियमात बसतं. त्या वर्ल्डकपमध्ये त्याच्या 21 विकेट होत्या, पाकिस्तानच्या आफ्रिदीच्या बरोबरीने सगळ्यात जास्त.

कोविडमध्ये 2020 ला आयसीसीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने, चेंडूला थुंकी लावायला बंदी घातली, 2022 मध्ये ती कायमची केली, आता चेंडूला फक्त घाम चालतो. 2025 च्या आयपीएलमध्ये मात्र ही बंदी उठवली आणि आपला फास्ट बोलर शमीनेही त्याआधी जाहीरपणे तीच मागणी केली होती. टेस्टमध्येही ती उठवावी असं मला मनापासून वाटतं, जुन्या चेंडूवर एक बाजू जपणं हीच बोलर्सची एवढी मोठी मेहनत असते.