आल्याचं आंतरपीक

नारळ, सुपारी किंवा नव्या फळबागेत झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत आलं घ्यायची पद्धत. पीक साधारण ८ ते ९ महिन्यांचं.

आल्याचं मूळ कुठलं यावर एकमत नाही. खात्रीने जंगली म्हणता येईल असं आलं कुठेच सापडलेलं नाही, पिकाला बी जवळजवळ धरत नाही, माणूस पिढ्यानपिढ्या कंदाचे तुकडेच लावत आलाय, त्यामुळे माग काढायला फारसं हाती लागत नाही. भारत, दक्षिण चीन आणि आग्नेय आशिया असे दावे आहेत, त्यात आग्नेय आशियाचं पारडं थोडं जड वाटतं. नावाचंही तसंच. संस्कृत शृंगवेर म्हणजे शिंगासारखं अंग असलेलं असं सांगतात, पण द्राविडी इंजी (आलं) आणि वेर (मूळ) यांतून आलेला शब्द नंतर शिंगाशी जोडला गेला असावा हे मत जास्त पटतं. झिंजिबर ऑफिसिनेल हे शास्त्रीय नाव इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉस्कोने १८०७ मध्ये दिलं.

आलं सावली सोसतं म्हणजे कितीही सावली चालते असं नाही, इथेच जास्त गल्लत होते. साधारण पाव भाग सावली मानवते, कडक उन्हात पानांच्या कडा करपतात ते वाचतं, पण दाट सावलीत फुटवे उंच लुकडे होतात आणि खाली कंद भरतच नाही.

मुळं उथळ, शेजारी झाडाची मुळं, म्हणून आल्याचं खत वेगळंच द्यावं लागतं, झाडाला दिलंय त्यात भागेल असं धरू नये. शेणखत हेक्टरी २५ ते ३० टन. केरळातली शिफारस आल्याखालच्या क्षेत्राला हेक्टरी नत्र (नायट्रोजन) ७५, स्फुरद (फॉस्फरस) ५०, पालाश (पोटॅश) ५० किलो अशी आहे. स्फुरद सगळं लागणीला, नत्र मात्र हप्त्यांनीच, कारण पहिला महिनाभर कोंब बेण्यातल्या, म्हणजे लावलेल्या कंदाच्या तुकड्यातल्या, साठ्यावरच जगतो आणि तेव्हा टाकलेला युरिया (नत्राचं खत) पावसात वाहून जातो. सावलीत नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो. कंद पोसायला पालाश हवंच. पाल्याचं आच्छादन करावं, आणि मातीबाहेर डोकावणारा कंद हिरवा पडतो तेव्हा लगेच मातीची भर लावावी.

पाणी साचलं की कंदकुज ठरलेली, म्हणून लागण गादीवाफ्यांवर, म्हणजे जमिनीपासून उंच केलेल्या वाफ्यांवर. टोमॅटो, मिरची, वांगं, बटाटा यांच्यामागे त्याच जागी आलं नको, मर रोगाचे जिवाणू मातीत आधीच असू शकतात.