शिश्नमणी व अग्रत्वचेचा दाह

शिश्नाच्या टोकाचा गोलसर भाग म्हणजे मणी आणि त्याला झाकणारी सैल कातडी म्हणजे अग्रत्वचा. मणी लाल होऊन सुजला तर त्याला बॅलनायटिस म्हणतात, कातडीही सुजली तर बॅलनोपोस्थायटिस. ‘बालानोस’ हा ग्रीक शब्द ओकच्या फळाचा. त्याच आकारात आपल्याकडच्यांना मणी दिसला. सुंता झालेल्यांत हा विकार कमी आढळतो, कारण मणी आणि कातडी यांच्यामधली ओलसर फट तिथे उरतच नाही.

दुखण्याचे मूळ बहुतेकदा या फटीत असते. झडलेल्या पेशी, त्वचेचा तेलकट स्राव आणि लघवीचा उरलासुरला थेंब तिथे साठतो. या पांढरट साक्याला स्मेग्मा म्हणतात. तो धुतला गेला नाही तर कातडी चुरचुरू लागते. पण उलटा प्रकारही तितकाच ओळखीचा आहे. थोडी खाज आली की घाबरलेला माणूस दिवसातून चार वेळा साबण लावतो, पाण्यात जंतुनाशक टाकतो, नाजूक कातडी त्याने आणखी सोलवटते, आणि तो पाचव्यांदा धुवायला जातो. अशा वेळी साबण बंद करणे हाच पहिला उपचार असतो.

मोठ्या माणसांत सर्वांत जास्त आढळणारा संसर्ग कॅन्डिडा या बुरशीचा. ही बुरशी निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यातही निमूट राहत असते. साखर आणि ओल मिळाली की फोफावते. चाळिशी-पन्नाशीचा गृहस्थ ‘कातडी मागे जात नाही, लघवीला झोंबते’ म्हणून येतो. पाहिले तर अग्रत्वचेच्या कडेला बारीक उभ्या चिरा, कड बटव्याची नाडी ओढावी तशी आवळलेली, आत नासलेल्या दुधासारखा पांढरा थर आणि मण्यावर लाल पुरळ. आपल्याला मधुमेह आहे हे काहींना अशाच वेळी पहिल्यांदा कळते. त्यामुळे नुसते मलम लिहून देऊन अशा रुग्णाला घरी पाठवणे ही चूकच. रक्तातली साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी) तपासायलाच हवे. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे त्या घेणाऱ्यांतही हा त्रास वाढतो. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० मध्ये संपले आणि स्वस्त गोळ्या गावोगावी पोचल्या, तेव्हा मूत्रपिंड आणि हृदयाला त्यांचा फायदा झाला तशी ही तक्रारही ओघाने आली. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मलम आणि स्वच्छता यांवर बऱ्याच जणांचे भागते.

बाकीची कारणे डॉक्टर नजरेने आणि नाकाने ओळखतात. घाण वासाचा स्राव असेल तर ऑक्सिजनशिवाय वाढणारे जिवाणू. ठरावीक जागी उठणारा जांभळट गोल चट्टा असेल तर एखाद्या औषधाची ॲलर्जी: जुलाबाची, दुखण्याची किंवा एखाद्या अँटिबायोटिकची गोळी घेतली की तो तिथेच पुन्हा उमटतो आणि जाताना काळा डाग ठेवून जातो. रुग्ण याला हटकून ‘बाहेरून लागलेले’ समजतो. सोरायसिस आणि लायकेन प्लॅनस या त्वचारोगांचे चट्टेही इथे येतात. नेदरलँड्सचे त्वचारोगतज्ज्ञ झून यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेला प्रकार वयस्कांत दिसतो. त्यात मण्यावर चकाकणारा विटकरी-लाल डाग असतो आणि त्रास मात्र फारसा नसतो. पांढरी, टणक, सुरकुतलेली कातडी दिसली तर लायकेन स्क्लेरोसस या त्वचारोगाचा संशय घ्यावा. तो मूत्रमार्गाचे तोंड अरुंद करतो आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढवतो, म्हणून त्यावर लक्ष ठेवावे लागते.

हर्पिस, सिफिलिस यांसारखे लैंगिक आजारही कधी असेच दिसतात, पण हा दाह म्हणजे लैंगिक आजारच असे नव्हे. हा समज पुसायला अवघड जातो. सरकारी रुग्णालयात दारावर ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ अशी पाटी असते आणि माणूस ती वाचूनच माघारी फिरतो. लोकलच्या रुळांकडेच्या भिंतींवर रंगवलेल्या ‘शर्तिया इलाज’वाल्यांचे फावते ते इथे. शंका असल्यास सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये गुप्तता राखून मोफत तपासणी होते.

लहान मुलांची गोष्ट वेगळी. जन्मतः अग्रत्वचा मण्याला चिकटलेलीच असते आणि हळूहळू, कधी थेट वयात येताना, सुटते. डेन्मार्कच्या याकोब ऑस्टर यांनी १९६८ मध्ये शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सहा-सात वर्षांच्या सुमारे ८ टक्के मुलांची कातडी मागे सरत नव्हती, सोळा-सतराव्या वर्षी हे प्रमाण १ टक्क्यावर आले होते. तरीही अंघोळ घालताना ‘रोज तेल लावून मागे ओढा’ हा सल्ला घराघरांत चालतो. ओढल्याने कातडी चिरते, चिरेचा व्रण धरतो आणि जी सैल होणारच होती ती कायमची घट्ट होते. कातडीखाली दिसणारे पांढरे दाणे पू नसून साठलेला स्मेग्मा असतो; तो आपोआप बाहेर पडतो.

उपचार बहुधा साधे असतात. दिवसातून एकदा कोमट पाण्याने धुवावे, टिपून कोरडे करावे, कातडी पुन्हा पुढे आणावी. बुरशी असेल तर क्लोट्रिमॅझोलचे १ टक्का मलम दिवसातून दोनदा, एक ते दोन आठवडे. त्रास जास्त असल्यास डॉक्टर फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी देतात. ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंवर मेट्रोनिडॅझोल चालते. जोडीदाराला खाज वा स्राव असेल तर त्याचीही तपासणी करावी. खरी भीती आहे ती औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या, स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेल्या मलमांची. दोन दिवसांत आराम पडतो, बुरशी मात्र आत पसरते, कातडी पातळ होते. लायकेन स्क्लेरोससवर क्लोबेटासोल हे जोरदार स्टेरॉइडच द्यावे लागते हे खरे, पण ते निदान झाल्यावर आणि मोजून. महिनाभर उपचार करूनही न जाणाऱ्या डागाचा तुकडा तपासायला पाठवतात.

सुश्रुतसंहितेत घट्ट अग्रत्वचेला ‘निरुद्धप्रकश’ म्हटले आहे आणि दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी तूप लावून आत बसवायची, पुढे ती जाड करत न्यायची असा उपाय दिला आहे. मागे सरकून मण्यामागे अडकलेली कातडी ती ‘परिवर्तिका’. तीवर तूप लावून मणी दाबत कातडी हळूहळू पुढे आणावी, असे तिथे सांगितले आहे. आजही तातडीच्या विभागात आधी वंगण लावून हाताने हेच करून पाहतात. मण्याचा रक्तपुरवठा अडत असल्याने यात सकाळची वाट पाहता येत नाही. हाताने जमले नाही तर कातडीला वरून छेद देतात, आणि दाह पुनःपुन्हा होत राहिला तर सूज उतरल्यावर सुंता करतात.