भोपाळचा बोजा कोणाच्या सातबाऱ्यावर?

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळच्या बंद पडलेल्या युनियन कार्बाइड कारखान्यातून बारा कंटेनर बाहेर पडले. आत ३३७ टन विषारी कचरा, पुढेमागे पोलिसांच्या गाड्या. इंदूरजवळच्या पिथमपूरला तो जाळायचा होता. तिथले लोक रस्त्यावर उतरले, आंदोलनात दोघे भाजले. अखेर जून संपता संपता कचरा जळाला. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, त्यामुळे राख मूळ कचऱ्याहून जास्तच भरली. या सगळ्यासाठी केंद्र सरकारने १२६ कोटी रुपये मंजूर केले होते. कचरा कंपनीचा, बिल सरकारचे.

हे बिल आपल्या गळ्यात कसे पडले, ती गोष्ट २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीपासून सुरू होते. खरे तर थोडी आधीच. 'सेविन' हे कीटकनाशक बनवण्यासाठी लागणारा मिथाइल आयसोसायनेट हा अत्यंत विषारी द्रव या कारखान्यात टाक्यांमध्ये साठवला जाई. माल खपत नव्हता, कारखाना तोट्यात होता, खर्चाला कात्री लागली होती. ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन द्रव होता. तो थंड ठेवायला हवा, पण शीतयंत्रणा काही महिने बंदच होती. वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर नुसता उभा होता. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला. त्या रात्री टाकीत पाणी शिरले आणि आतला द्रव तापून उसळला, त्याचा विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला. पाणी शिरले कसे, यावर कंपनी आजही घातपाताचे बोट दाखवते. तो वाद बाजूला ठेवला, तरी पाणी शिरल्यावर ज्यांनी धावून यायचे त्या तिन्ही यंत्रणा झोपलेल्या होत्या, हे उरतेच.

युनियन कार्बाइड या अमेरिकी कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन ७ डिसेंबरला भोपाळला आले. त्यांना अटक झाली, त्याच दिवशी जामीन मिळाला आणि सरकारी विमानाने ते दिल्लीला गेले. पुन्हा ते कधी आले नाहीत. २०१४ मध्ये फ्लोरिडात त्यांचे निधन झाले.

१९८५ मध्ये संसदेने कायदा करून सगळ्या पीडितांच्या वतीने दावा लढण्याचा अधिकार एकट्या सरकारला दिला. सरकार न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले. तिथे घडले ते नवलच: भारताची न्यायालये एवढा खटला पेलू शकत नाहीत, असे भारत सरकार सांगत होते आणि अमेरिकी कंपनी भारताच्याच न्यायव्यवस्थेचे गोडवे गात होती. न्यायाधीश जॉन कीनन यांनी मे १९८६ मध्ये कंपनीचे ऐकले आणि खटला भारतात धाडला. मागणी होती ३३० कोटी डॉलरची. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली ती ४७ कोटी डॉलरवर, म्हणजे तेव्हाच्या ७१५ कोटी रुपयांवर.

माझ्या मते सगळे पाणी मुरते ते इथे. मृत सुमारे ३,००० धरून हा आकडा ठरला. पुढे दावे तपासून झाले तेव्हा मृत ५,२९५ निघाले आणि भरपाईस पात्र ठरलेले लोक पावणेसहा लाखांच्या घरात गेले. पीडितांच्या संघटना मृतांचा आकडा याच्या कितीतरी पट सांगतात. रक्कम मात्र ठरून गेली होती. बहुतेकांच्या हाती २५ हजार रुपये पडले, त्यातूनही आधी दरमहा मिळालेले २०० रुपये कापून घेतले गेले. तडजोडीत फौजदारी खटलेही गुंडाळले होते. ते १९९१ मध्ये पुन्हा उघडले. १९९६ मध्ये आरोपाचे कलम सौम्य झाले: सदोष मनुष्यवधाऐवजी निष्काळजीपणा. ७ जून २०१० रोजी केशुब महिंद्रा यांच्यासह, कारखाना चालवणाऱ्या कार्बाइडच्या भारतीय उपकंपनीच्या माजी अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीनही. दीर्घकालीन परिणामांवरचे संशोधन भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९९४ मध्येच थांबवले होते. मोजमापच बंद, तर भरपाई कशाच्या आधारे मागायची?

आणि हे झाले फक्त वायूचे. भोपाळमध्ये 'गॅसपीडितां'च्या जोडीला 'पानीपीडित' असाही शब्द आहे. कारखाना चालू असतानाच त्याचे सांडपाणी आणि रसायने आवारात व मागच्या तळ्यांत सोडली जात. ते विष भूजलात उतरले. भिंतीपलीकडच्या वस्त्यांत हातपंपांना लाल रंग फासावा लागला. लोक तरीही तेच पाणी पीत, कारण दुसरे नव्हते. या नुकसानीचा १९८९ च्या तडजोडीत हिशेबच नव्हता.

दरम्यान मालक बदलत गेले. कार्बाइडने १९९४ मध्ये भारतीय कंपनीतला आपला हिस्सा विकला. १९९८ मध्ये जमीन राज्य सरकारकडे परत आली. २००१ मध्ये डाऊ केमिकलने खुद्द युनियन कार्बाइडच विकत घेतली आणि भोपाळशी आपला संबंध नाही, असे सांगितले. आपल्याकडे गुंठाभर जमीन घेणारासुद्धा आधी सातबाऱ्यावर बोजा आहे का ते बघतो, कारण बोजा जमिनीबरोबर येतो. इथे मालमत्ता आली, बोजा वाटेतच उतरला. कार्बाइडच्या अमेरिकेतल्या ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांसाठी मात्र याच डाऊने मोठी तरतूद केली.

भोपाळच्या बायकांनी 'झाड़ू मारो डाउ को' म्हणत हातात झाडू घेतले. महाराष्ट्रातही डाऊला हा इतिहास चुकला नाही. चाकणजवळ शिंदे-वासुलीला कंपनीचे संशोधन केंद्र होणार होते. वर भामचंद्राचा डोंगर, जिथे तुकोबा ध्यानाला बसत असे सांगतात. गावकऱ्यांबरोबर वारकरीही विरोधात उभे राहिले, २००८ मध्ये बांधकामाची जाळपोळ झाली आणि अखेर कंपनीने तिथून पाय काढला.

कायद्यात काहीच बदलले नाही असे नाही. दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातल्या वायुगळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने 'निरपेक्ष दायित्वा'चे तत्त्व मांडले: धोकादायक उद्योग करणाऱ्याने सबब सांगायची नाही, भरपाई द्यायची. पण तडजोड झाल्याने भोपाळमध्ये ते तत्त्व कसोटीला लागलेच नाही. वाढीव भरपाईसाठी केंद्राने २०१० मध्ये केलेली याचिकाही घटनापीठाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, बरीच समन्स निघाल्यावर, डाऊचे वकील फौजदारी प्रकरणात भोपाळच्या न्यायालयात पहिल्यांदा उभे राहिले. त्यांचे म्हणणे होते की हे प्रकरण चालवण्याचा या न्यायालयाला अधिकारच नाही.